जुना आयरिश पाइप घासण्याआधी वाचा

आमच्याकडून तंबाखू ओढायचा जुना पीटरसन पाइप घेणाऱ्या प्रत्येकाला हे पत्रक सोबत देतो. विनंती एकच: घरी नेल्या नेल्या तो चकचकीत करायला बसू नका. संग्राहक पैसे मोजतो ते बरेचसे पाइपवर उमटवलेल्या ठशांसाठी, आणि ठसा एकदा झिजला की गेला.

डब्लिनची ही कंपनी कॅप बंधूंची; ती आपली सुरुवात १८६५ची सांगते. रिगाहून आलेला चार्ल्स पीटरसन पुढे त्यांना मिळाला. त्याच्या १८९०च्या पेटंटमधला ‘सिस्टिम’ पाइप आजही सर्वाधिक मागितला जातो. त्याच्या दांड्यात, म्हणजे वाटी आणि नळी यांच्या मधल्या भागात, एक खळगा असतो. धुरातली ओल तिथे साचते, तोंडात येत नाही. तोंडात धरायच्या नळीचे भोक टोकाला नसून वरच्या अंगाला असेल, तर ती १८९८ची ‘पी-लिप’.

वय ओळखायचे तर भिंग घ्या आणि दांडा तिरप्या उजेडात धरा. ‘आयरिश फ्री स्टेट’ वाचता आले, तर काळ साधारण १९२२ ते १९३७. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ असेल, तर चाळीसच्या दशकाच्या अखेरीआधीचा तो नक्कीच नाही, विकणारा काहीही सांगो! नुसते ‘मेड इन आयर्लंड’ मात्र फसवे. ते एकाहून अधिक काळांत सापडते.

दांड्याच्या चांदीच्या कड्यावर बसलेली स्त्री (हायबर्निया), मुकुटधारी हार्प (एक तंतुवाद्य) आणि एक अक्षर असते. ते अक्षर दरवर्षी बदलायचे, म्हणून नेमके साल त्यावरूनच निघते. शॅमरॉकचे पान, कुत्रा आणि गोल मनोरा दिसला, तर ते कडे निकेलचे. पाइप खोटा नाही, पण चांदीचा भाव देऊ नका.

दिवाळीत घरची चांदी रांगोळीने घासतात, तशी ही अजिबात घासू नका. मऊ सुती कापड पुरे. काळी नळी व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घातलेल्या रबराची; उन्हाने ती हिरवट-तपकिरी पडते, गरम पाण्याने आणखी बिघडते. आतून साफ करायला स्पिरिटमध्ये बुडवलेला पाइप क्लीनर चालतो, पण स्पिरिट तंबाखू भरायच्या वाटीच्या पॉलिशला लागू देऊ नका. वाटीतला काजळीचा थर सुरीने खरवडू नका, आमच्याकडे आणा.

नळी बदललेली किंवा कडे नंतर बसवलेले असेल, तर तसे बिलावर लिहून देतो. आम्ही तंबाखू विकत नाही.