प्रवास-कादंबरीचे चित्रपट-रूपांतर

प्रवास हेच जिचे कथानक आहे अशा कादंबरीवरून चित्रपट करण्याची प्रक्रिया. अशा कादंबरीत माणसे निघतात, थांबतात, पुन्हा निघतात. कट, रहस्य, उकल बहुधा नसते. पटकथाकाराची पहिली पंचाईत इथेच होते. त्याहून अवघड गोष्ट अशी, की रस्ता कॅमेऱ्याला सहज मिळतो, पण तो सांगणाऱ्याचा आवाज मिळत नाही.

जॅक केरुआक यांच्या ‘ऑन द रोड’ (१९५७) या अमेरिकी कादंबरीचे उदाहरण यासाठी मुळातून पाहावे. तिचा खर्डा केरुआक यांनी एप्रिल १९५१ मध्ये तीन आठवड्यांत टंकलिखित केला. कागद एकापुढे एक चिकटवून केलेली सुमारे १२० फुटांची गुंडाळी, आणि त्यात एकही परिच्छेद पाडलेला नाही. तो वेग वाक्यांत उतरला आहे. पुस्तक आले त्याच वर्षी त्यांनी अभिनेते मार्लन ब्रँडो यांना पत्र लिहून चित्रपट काढण्याची गळ घातली. कादंबरीतला बेभान प्रवासी डीन ब्रँडोंनी करावा, त्याच्यासोबत फिरणारा निवेदक सॅल आपण करू. कादंबरीतल्या अनेक फेऱ्यांचा एकच मोठा प्रवास करावा. कॅमेरा गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवावा आणि समोरच्या काचेत रस्ता उलगडत असताना दोघांचे बोलणे चालू राहावे, असे त्यांनी सुचवले होते. ब्रँडोंचे उत्तर आले नाही. पुढे अमेरिकी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी हक्क घेतले आणि ब्राझीलचे दिग्दर्शक वॉल्टर सालेस यांचा चित्रपट २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. तो देखणा आहे. पण कादंबरीतली धाप त्यात लागत नाही. केरुआक यांची सूचना साधी होती आणि नेमकी होती, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी विस्थापित शेतकरी कुटुंबाच्या प्रवासावरच्या जॉन स्टाइनबेक यांच्या कादंबरीवरून ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९४०) करताना मुक्कामांचा क्रमच बदलला: सरकारी छावणी शेवटाकडे नेली, त्यामुळे चित्रपट आशेवर थांबतो.

सोलापूरला या प्रक्रियेचा एक जुना संबंध आहे. येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. मूळ पुस्तक कादंबरी नाही, तरी शेवट अभ्यासण्याजोगा आहे. मरणोन्मुख नायक घरची वाट बोलून दाखवतो आणि पडद्यावर त्याची चिनी पत्नी त्या वाटेने येते. आवाज आणि रस्ता इथे एकत्र आले आहेत.

मराठीत असे रूपांतर करायचे तर पुणे–सोलापूर–हैदराबाद हा महामार्ग फार मोलाचा ठरेल. मोहोळपर्यंत ऐकू येणारी मराठी सोलापुरात कन्नड, तेलुगू आणि दखनीला भेटते. उमरगा ओलांडून हुमनाबादकडे जाताना ढाब्यावरची बोलीच बदलते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) करमाळ्याकडची आर्ची हैदराबादेत तेलुगू शिकते. तो चित्रपट कादंबरीवरचा नाही, पण अंतर दाखवायला भाषा किती उपयोगी पडते हे त्यातून कळते. म्हणून अशा चित्रपटाचे संवाद नंतर स्टुडिओत डब करू नयेत. ढाब्यावरच, उसाच्या ट्रॉल्यांच्या आवाजासकट ध्वनिमुद्रण करावे आणि स्थानिक माणसांना त्यांच्याच बोलीत बोलू द्यावे.