रुबी (प्रोग्रॅमिंग भाषा)

रुबी ही जपानमध्ये घडलेली मुक्तस्रोत, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग भाषा आहे, म्हणजे माहिती आणि तिच्यावर करायची कामे एकत्र बांधणाऱ्या ‘ऑब्जेक्ट’भोवती रचलेली. युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ मध्ये तिचे काम हाती घेतले. पहिली जाहीर आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्ये आली. पर्लहून समर्थ आणि पायथनहून अधिक ऑब्जेक्ट-ओरिएंटेड अशी स्क्रिप्टिंग भाषा त्यांना हवी होती. स्मॉलटॉक, लिस्प, आयफेल या भाषांकडूनही त्यांनी बरेच घेतले. यंत्राआधी कोड लिहिणाऱ्या माणसाची सोय पाहायची, हे त्यांचे सूत्र भाषेत जागोजागी दिसते.

रुबीत प्रत्येक मूल्य हे ऑब्जेक्ट असते. जावा या भाषेत साधे पूर्णांक ऑब्जेक्ट नसतात. रुबीत मात्र पूर्णांक, मजकूर, ट्रू, फॉल्स, इतकेच काय, ‘काहीच नाही’ दाखवणारे निलसुद्धा ऑब्जेक्टच. त्यामुळे पाचच्या आकड्यापुढे टिंब देऊन टाइम्स ही मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला सांगायचे काम, लिहिली आणि तिला ब्लॉक, म्हणजे कोडचा एक तुकडा, जोडला की तो तुकडा पाच वेळा चालतो. ब्लॉक नीट कळला की निम्मी रुबी आली, असे खुशाल समजावे. तयार क्लासमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या साच्यात, अगदी पूर्णांकांच्या क्लासमध्येही, आपली मेथड घालता येते. ही मोकळीक जपून वापरावी. मोठ्या प्रकल्पात एकाने केलेला असा बदल दुसऱ्याचा चालता कोड बिघडवतो, आणि दोष शोधताना नाकी नऊ येतात.

भाषेबरोबर मिळणाऱ्या आयआरबी या खिडकीत एकेक ओळ लिहून लगेच उत्तर पाहता येते. तिथे ‘मराठी’ या शब्दाची लेंथ विचारली तर उत्तर येते ५, कारण म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी युनिकोड चिन्हे सुटी मोजली जातात. डोळ्यांना एक दिसणारे अक्षर एकत्र धरणाऱ्या ग्राफीम क्लस्टर्स या मेथडने शब्द तोडून मोजला की आपल्याला अपेक्षित असलेली ३ अक्षरे मिळतात. रिव्हर्स केल्यास वेलांटी सुरुवातीला लोंबकळते आणि काना ठला चिकटतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने हा फरक पहिल्याच दिवशी पाहून ठेवावा. व्हेरिएबलची, म्हणजे मूल्ये साठवणाऱ्या नावांची, नावे देवनागरीत चालतात. क्लासचे नाव मात्र कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत कॅपिटल नसल्याने तिथे रोमन अक्षराचा आधार घ्यावा लागतो.

जपानबाहेर रुबी खऱ्या अर्थाने पसरली ती डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २००४ मध्ये खुल्या केलेल्या रेल्स या वेब फ्रेमवर्कमुळे, म्हणजे संकेतस्थळे उभारण्याच्या तयार सांगाड्यामुळे. गिटहब आणि शॉपिफाय त्यावरच उभे राहिले. २०१२ मध्ये भाषेला आयएसओ मानक मिळाले.

वेग ही रुबीची जुनी दुखरी बाजू. २५ डिसेंबर २०२० रोजी आलेल्या ३.० आवृत्तीसाठी २.० च्या तिप्पट वेगाचे उद्दिष्ट ठेवले होते. पुढच्या वर्षी ३.१ मध्ये वायजिट हा नवा जिट कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा भाग, आला. तरीही निव्वळ आकडेमोडीच्या जड कामाला सी किंवा रस्ट ही भाषा बरी.

रुबी विनामूल्य वापरता, बदलता आणि वाटता येते, व्यावसायिक कामासाठीही. विंडोजवर रुबीइन्स्टॉलर घ्यावा. मॅकमध्ये आधीपासून असलेली आवृत्ती जुनी असते. तिला हात न लावता आरबीएन्व्हसारख्या साधनाने नवी बसवावी. तयार लायब्ररींना, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचांना, जेम म्हणतात, आणि कोणत्या प्रकल्पाला कोणत्या आवृत्तीचे जेम लागतात याची नोंद बंडलर हे साधन ठेवते.