माडीवर कोण चालते?

परवा आमच्या घरी सगळ्यांनी मिळून एक भयपट पाहिला. नवरा-बायको नव्या घरात राहायला येतात, रात्री डोक्यावर पावले वाजू लागतात, बायको म्हणते वर कोणीतरी आहे, नवरा म्हणतो तुला भास होतो. चित्रपट संपतो न संपतो तोच आमच्या फोंड्याच्या घराच्या माडीवरही ‘कट्ट’ असा आवाज झाला आणि पुतणी आजीला बिलगली. आजीने देवचाराचे नाव काढले. वास्तविक देवचार म्हणजे गावाचा राखणदार, खांद्यावर कांबळ टाकून दांडा आपटीत शिवेवर फिरणारा. आमच्या माडीवर त्याचे काय काम, हे तिनेही सांगितले नाही. मला मात्र चित्रपटातल्या नवऱ्याचेही पटले नाही, कारण आवाज खरा होता. तो लाकडाचा होता.

लाकूड तासून शंभर वर्षे झाली तरी हवेतले पाणी घेणे आणि सोडणे ते थांबवीत नाही. त्याच्या पेशीभिंतींतले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू बहुतांशी खोडाच्या उभ्या दिशेने असतात. पाण्याचे रेणू या तंतूंच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारतात, म्हणून लाकूड रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी असते आणि ९० टक्के आर्द्रतेला ते २० टक्क्यांच्या आसपास पोचते. ३० टक्क्यांच्या सुमारास पेशीभिंती तुडुंब भरतात आणि फुगणे थांबते. या तुडुंब अवस्थेपासून पूर्ण सुकेपर्यंत सागवान वाढवलयांच्या स्पर्शदिशेत, म्हणजे खोडातल्या वार्षिक कड्यांच्या कडेकडेने, साधारण ६ टक्के आकसते. त्या हिशेबाने ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळीतले पाणी ४ टक्क्यांनी उतरले, तर ती दोन मिलिमीटरांहून थोडी अधिक अरुंद होते. आमच्या देवघराचे दार आषाढात खांद्याने लोटावे लागते आणि माघात त्याच्या फटीतून समईची ज्योत दिसते, ती याच हिशेबाने.

आता फळीखालची तुळई पाहा. तिची लांबी फळीच्या रुंदीच्या दिशेने असते आणि लांबीत लाकूड आकसत नाही. फळीला सरकायचे आहे, खिळा आणि घर्षण तिला धरून आहेत. स्थितिक घर्षण (वस्तू जागेवर असतानाचे) गतिक घर्षणापेक्षा (सरकतानाच्या) जास्त असल्यामुळे ताण तासन्‌तास साचतो, मर्यादा ओलांडताच फळी केसभर घसरते आणि पुन्हा अडकते. व्हायोलिनची तार गजाखाली याच अडक-घसरीने वाजते. एक सांधा सुटला की त्याचा ताण शेजारच्या सांध्यावर जातो, मग तोही सुटतो, आणि खाली झोपलेल्या माणसाला कोणी पावले टाकीत गेल्यासारखे वाटते.

रात्रच का, याचे उत्तर छपरात आहे. दिवसभर तापलेले छप्पर सूर्यास्तानंतर निवते. कौलांवर गळतीसाठी पत्रे घातले असतील, तर चार मीटरांचा लोखंडी पत्रा ३० अंशांनी थंड होताना जवळजवळ दीड मिलिमीटर आखडतो आणि प्रत्येक बोल्टपाशी कुरकुरतो. दिवसा हे सारे वाहनांच्या आणि मिक्सरच्या आवाजात बुडून जाते. अर्थात उदमांजरही माळ्यावर येते, पण ते लेंड्या टाकून जाते.

हल्ली भुतांच्या जागी ‘अवश्राव्य ध्वनी’, म्हणजे कानाला ऐकू न येण्याइतका खालच्या पट्टीतला ध्वनी, बसवण्याची टूम आहे. १९९८ साली विक टँडी या ब्रिटिश अभियंत्याने आपल्या प्रयोगशाळेतल्या भुताचा संबंध पंख्याने निर्माण केलेल्या सुमारे १९ हर्ट्‌झच्या लहरींशी जोडला, तेव्हापासून ही कथा फिरते आहे. पुढे लंडनमध्ये मुद्दाम ‘झपाटलेली’ खोली उभारून ७९ जणांना तीत फिरवले, तेव्हा चित्रविचित्र अनुभव पुष्कळांना आले, परंतु त्या लहरी चालू असण्या-नसण्याशी त्यांचा संबंध दिसला नाही. असे अनुभव येऊ शकतात, हे त्या मंडळींना आधीच सांगितलेले होते.

दुसऱ्या दिवशी पुतणीला घेऊन मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशी बसलो. पाय ठेवताच करकरणारी ती पायरी तिच्या भीतीच्या यादीत पहिली होती. फळी जिथे आधारावर घासते, त्या फटीत तिने मेणबत्तीचे उरलेले टोक नीट घासले आणि उडी मारून पाहिली. मेणाने स्थितिक घर्षण उतरले होते, पायरी गप्प होती. मग ती मेणबत्ती घेऊन माडीवर पळाली.