डॉकरफाईलची पहिली ओळ कुठून आली

आर्वीकडच्या एका जिनिंगसाठी मी काट्याच्या चिठ्ठीचं न चुकाऱ्याचं छोटं सॉफ्टवेअर सांभाळतो. २०२३ च्या हंगामात, दिवाळी झाली न कापसाच्या गाड्यांची रांग लागली तेव्हा चिठ्ठीवर ओलाव्याची कपात चुकीची यायला लागली, दुरुस्ती दोन ओळींची होती म्हणून लगेच डॉकरची इमेज (सॉफ्टवेअर न त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पाकीट) बिल्डला, म्हणजे नव्यानं बनवायला टाकली तर ॲप्ट-गेट अपडेटवरच, म्हणजे पॅकेजेसची यादी आणतानाच ४०४, त्या पत्त्यावर काही सापडतच नाही. मापारी सारखा विचारत होता, "भाऊ, आता कसं करावं, गाड्या उभ्या हायेत", शेवटी त्या दिवशी चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. माझ्या कोडमध्ये काहीच बिघडलं नव्हतं, डॉकरफाईल म्हणजे इमेज कशी बनवायची ते सांगणारी फाइल, तिच्या पहिल्या ओळीत फ्रॉमपुढे पाया म्हणून पायथनची स्ट्रेचवाली इमेज होती. स्ट्रेच म्हणजे डेबियन नावाच्या लिनक्सची ९ वी आवृत्ती, आली २०१७ मध्ये, तिचा लांबवलेला सपोर्टसुद्धा जून २०२२ ला संपला, मग पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून आर्काइव्हमध्ये ठेवली गेली.

तेव्हापासून ही एक ओळ मी फार गंभीरपणे घेतो.

प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, वेगळी कोंडून ठेवायची आयडिया जुनीच आहे, युनिक्समध्ये सीएचरूट १९७९ चं, फ्रीबीएसडीचे जेल्स २००० चे, लिनक्स कर्नलमध्ये सीग्रुप्स २००८ ला आले न त्याच वर्षी एलएक्ससी. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सनं पायकॉन या पायथनच्या परिषदेत डॉकर दाखवलं त्यात खरी नवी गोष्ट होती ती इमेजची, म्हणजे थरावर थर, आणि सगळ्यात खालचा थर दुसऱ्या कोणाचा तरी. सोय मोठी, पण त्या खालच्या थराची देखभाल कोण करणार हा प्रश्न तिथंच जन्माला आला.

सुरुवातीला बहुतेक लोक डोळे झाकून उबुंटू लिहायचे, कारण लॅपटॉपवर तेच असायचं, दोनशे एमबीच्या आसपास. मग अल्पाइन नावाचं लिनक्स आलं. तसं ते २००५ पासूनचं, छोट्या राउटरसारख्या डिव्हाइससाठी बनलेलं, २०१४ ला त्यानं मसल नावाची सी लायब्ररी, म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्यावर चालतात तो मूळ कोड, घेतली, आणि इमेज फक्त पाच एमबी! गावात मोबाइल हॉटस्पॉटवर, दिवसाच्या दीड जीबी डेटात काम करणाऱ्याला त्या पाच एमबीचं काय वाटलं असेल ते शहरातल्या माणसाला कळणार नाही, मीही लगेच तिकडे पळालो.

पण पायथनची तयार व्हील्स (आधीच कंपाइल केलेली पॅकेजेस) जीलिबसीसाठी, म्हणजे डेबियन-उबुंटूमधल्या सी लायब्ररीसाठी बनलेली असायची, २०१६ चं मॅनीलिनक्स स्टँडर्ड तेच धरून चालत होतं, त्यामुळे अल्पाइनवर पिप (पायथनची पॅकेजेस आणून लावणारा) सोर्स ओढायचा न कंपाइल करत बसायचा, माझ्याकडे पांडाज नावाचं पॅकेज अर्धा तास उलटला तरी झालं नव्हतं. वरून कंपायलर टाकावा लागला तो वेगळाच, इमेज फुगली, मग वाचलेला डेटा गेला कुठं? मसलसाठी वेगळं स्टँडर्ड २०२१ मध्ये आलं. मसलचा डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारा भाग, तर २०२३ पर्यंत मोठं उत्तर आलं की ते पुरं आणायला टीसीपीवर जातच नव्हता, अन् ही असली चूक शोधता शोधता रात्र जाते बाप्पा.

२०१७ ला मल्टी-स्टेज बिल्ड आलं, कंपाइल एका इमेजमध्ये न चालवायचं दुसऱ्या हलक्या इमेजमध्ये. गूगलनं डिस्ट्रोलेस काढलं तेही त्याच सुमाराचं, त्यात शेलही (कमांड टाइप करायची जागा) नाही, पॅकेज मॅनेजरही नाही. घुसणाऱ्याच्या हाताला काही लागत नाही हे चांगलंच, पण रात्री अडचण आली तर आपल्याही हाताला लागत नाही, म्हणून एकट्यानं सांभाळायचं असेल तर मी डेबियनचं स्लिम, म्हणजे छाटलेलं रूपच सांगतो.

डिसेंबर २०२० चा धक्का सेंटओएस हे लिनक्स वापरणाऱ्यांना आठवत असेल. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असं धरून लोक बसले होते, ते २०२१ अखेरीलाच बंद होणार असं जाहीर झालं. त्याच्या महिनाभर आधी डॉकर हबनं, म्हणजे तयार इमेजेस जिथून मिळतात त्या साइटनं, लॉगिन नसलेल्यांना एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) सहा तासांत १०० पुल, म्हणजे डाउनलोड, अशी मर्यादा घातली होती, आणि मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात, म्हणजे आपण एक पुल केला नसला तरी कोटा संपलेला असू शकतो. म्हणून लागणाऱ्या इमेजची एक कॉपी जिनिंगच्या ऑफिसातल्या मशीनवरच रजिस्ट्री, म्हणजे इमेजेसचं गोदाम, टाकून ठेवली आहे.

इमेजच्या नावापुढे लेटेस्ट टॅग मी लिहीत नाही, ते नुसतं नाव आहे, खालचा माल कधीही बदलतो. डायजेस्ट, म्हणजे मालावरूनच काढलेला ठसा, लिहिला की तोच माल मिळतो, पण मग सिक्युरिटी फिक्सही आपोआप येत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा डायजेस्ट बदलून परत बिल्ड करतो, हंगाम असो नसो. आता पहिल्या ओळीत बुकवर्म (डेबियन १२) स्लिम आहे न तिच्या वरच कमेंटमध्ये लिहून ठेवलंय, सपोर्ट जून २०२८ पर्यंत.