एकच स्वरलिपी, दोन गळे

स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाया यांनी 1914 साली सात स्पॅनिश लोकगीतं आवाज आणि पियानोसाठी बांधली. पुढच्याच वर्षी आलेलं ‘एल आमोर ब्रुखो’ हे गाणी असलेलं नृत्यनाट्य त्यांनी पास्तोरा इम्पेरियो या फ्लामेंको (दक्षिण स्पेनची गाण्या-नाचण्याची परंपरा) कलावतीसाठी लिहिलं. ही गाणी आज ऑपेराच्या गायिकाही गातात आणि कांताओरा, म्हणजे फ्लामेंको गायिकाही. कागदावरचे स्वर तेच असतात, पण ऐकू येतं ते निराळंच. हा फरक घशातला आहे.

ऑपेराचा गळा स्वरयंत्र खाली ठेवतो आणि घसा रुंद करतो. स्वरयंत्राच्या लगेच वरच्या नळीच्या तोंडाचं क्षेत्रफळ घशाच्या छेदाच्या साधारण एक षष्ठांश झालं, की ती नळी स्वतंत्रपणे घुमू लागते आणि 3000 हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर उठावदार होतात. ऑर्केस्ट्राचा जोर 500 हर्ट्झजवळ असतो, 3000पाशी तो ओसरलेला असतो. तेवढ्या फटीतून आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जातो. उंच सोप्रानोचं, म्हणजे सर्वांत वरच्या पट्टीत गाणाऱ्या गायिकेचं, तंत्र मात्र वेगळं. ती जबडा उघडून तोंडातला घुमार थेट मूळ स्वरावर आणते, म्हणून वरच्या पट्टीत तिचे शब्द कळेनासे होतात.

कांताओरेचं स्वरयंत्र वर चढलेलं असतं. शास्त्रीय गायिका 300 ते 350 हर्ट्झच्या सुमारास छातीचा, म्हणजे बोलण्यासारखा भरदार, आवाज सोडू लागते. कांताओरा तोच आणखी वर ओढते. प्रत्येक कंपनात स्वरपट्ट्या जास्त वेळ मिटलेल्या राहतात आणि झटक्यानं मिटतात. त्यामुळे आवाज खडा लागतो. कंपनं थोडी अनियमित झाली की खरखर येते. अशा आवाजाला एल फियो या गायकावरून ‘आफिया’ म्हणतात.

दोन शैली खऱ्या अडखळतात त्या सात गीतांतल्या शेवटच्या ‘पोलो’मधल्या ‘आय’च्या तानांवर. या गाण्यांत वारंवार येणारा फ्रिजियन मोड म्हणजे आपल्या भैरवी थाटाचेच स्वर: सा आणि कोमल रे यांत फक्त अर्ध्या स्वराचं अंतर. ऑपेराचा आवाज सेकंदाला 5 ते 7 वेळा हेलकावतो आणि तो हेलकावा दोन्ही बाजूंना अर्ध्या स्वरापर्यंत जाऊ शकतो. म्हणजे झोका पायरीएवढाच. मग कोमल रे ऐकू कसा येणार? उपाय असा, की तान सरळ आवाजात घ्यायची आणि हेलकावा शेवटच्या लांब स्वरासाठी राखून ठेवायचा.

उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. ऑपेराच्या गायिकेनं खालच्या स्वरयंत्रावर घसा दाबून कांताओरेची खरखर काढली, की स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटून सुजतात, आणि हेच चालू राहिलं तर गाठी येतात. दोन्हींचा मध्य काढण्यापेक्षा ओळ संपताना गळा बदलणं आम्हाला अधिक श्रेयस्कर वाटतं.

पट्टीची अडचण उरतेच, कारण दोन्ही गळ्यांना एकच पट्टी सोयीची असेल असं नाही. गिटारची साथ असेल तर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) एक घर वर सरकवला की गाणं अर्ध्या स्वरानं वर जातं. ऑर्केस्ट्राला ही सोय नाही. आणि कांताओरेला तिथे बहुधा माइक लागतो. एकदिश (मुख्यतः समोरचाच आवाज टिपणारा) माइक ओठांना चिकटवला तर खर्ज फुगतो आणि तिच्या आवाजातला खडेपणाच बुजतो, म्हणून तो वीतभर दूर ठेवलेला बरा.