स्कॅनवर श्वासमार्ग रुंद दिसला, म्हणजे झोपेतला श्वास मोकळा झाला?

दातांना तार लावायला आलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे आईवडील हल्ली हमखास विचारतात, "याने घोरणंही थांबेल ना?" दातांच्या उपचारानंतर स्कॅनवर श्वासमार्ग रुंद दिसणं वेगळं आणि झोपेत श्वास मोकळा चालणं वेगळं, पण या प्रश्नात दोन्ही एकच धरलेलं असतं.

नाकातला मार्ग रुंद होणं खोटं नाही. तोंडातली टाळू म्हणजेच नाकाचा तळ. टाळूच्या दोन भागांना मधोमध जोडणारा सांधा किशोरवयात हळूहळू पक्का होत जातो. त्याआधी एक्स्पांडर, म्हणजे टाळू रुंद करणारं स्क्रूचं साधन, बसवला, तर चावी एकदा फिरवली की स्क्रू साधारण ०.२५ मिलिमीटर उघडतो. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट पडते. घरचे घाबरतात, पण टाळू उघडत असल्याची ती खूण असते आणि ती फट पुढे बहुधा आपोआप मिटते. टाळूबरोबर नाकाची पोकळीही रुंदावते.

घशाची गोष्ट मात्र निराळी. नाकामागचं अॅडेनॉइड, म्हणजे टॉन्सिलसारखीच एक गाठ, या वयात आपोआप आक्रसतं, उंचीबरोबर घसाही वाढतो. दोन वर्षांनंतरच्या स्कॅनमध्ये तिथे जास्त जागा दिसली, तर ती तारेने झाली की वाढीने, हे तार न लावलेल्या त्याच वयाच्या मुलांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यात स्कॅन जागेपणी काढलेला. जीभ जराशी मागे गेली किंवा मध्येच आवंढा गिळला, तरी माप बदलतं.

झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे ढळते. खरी परीक्षा तेव्हा होते. स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेत केलेल्या तपासणीत, तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, ते मोजतात. मोठ्यांमध्ये तासाला पाचपर्यंत चालून जातं, लहान मुलांमध्ये एकदा झालं तरी डॉक्टर लक्ष देतात. टॉन्सिल-अॅडेनॉइड वाढलेले असतील तर पहिला इलाज सहसा त्यांचाच. टाळू खरोखर अरुंद असेल तर एक्स्पांडरची मदत होऊ शकते, पण केवळ घोरण्यासाठी तो सरसकट बसवणं मला पटत नाही.

उलटी भीतीही ऐकू येते: तारेसाठी दात काढले की श्वास कोंडतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सच्या २०१९ च्या अहवालाला तसा पुरावा आढळला नाही.

मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, श्वास मध्येच अडकून दचकत असेल, तर तारेची तारीख घेण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.