डोळे बारीक, की खोबण खोल?
(फ्रेम निवडण्याआधी दोन मिनिटं काढून वाचा)

आरशासमोर फ्रेम लावून बघताना निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, "माझे डोळेच बारीक आहेत हो, मला काही शोभत नाही." खरं तर मोठ्या माणसाचा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटरचा. मोठा मायनस नंबर असला तर थोडा लांबट, एवढंच. 'टपोरे' आणि 'बारीक' हा फरक दिसतो तो मुख्यतः पापण्यांमुळे आणि भोवतीच्या हाडांमुळे.

डोळ्याची खोबण सात हाडांची असते. तिचा काठ मात्र तीनच हाडं धरतात: वरून कपाळाचं, बाहेरून गालाचं, आतून-खालून वरच्या जबड्याचं.

भुवईचं हाड पुढे असेल तर त्याची सावली डोळ्यांवर पडते आणि डोळे खोल गेलेले दिसतात. वर जाड काळी फ्रेम घातली की सावलीवर सावली. अशा चेहऱ्याला आम्ही बारीक धातूची नाहीतर फिकट रंगाची फ्रेम दाखवतो. आणखी एक अडचण असते. फ्रेम भुवईला टेकते आणि काच डोळ्यापासून लांब राहते. मायनसच्या काचेतून डोळे मुळातच लहान दिसतात; काच जितकी लांब, तितके अजून लहान. प्लसचं नेमकं उलटं. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर हवी. नंबर चारच्या पुढचा असेल तर हे अंतर बदलल्यानं नंबरचा परिणामही बदलतो, म्हणून तेव्हा आम्ही पट्टी लावून मोजतो. उशीर लागला तर रागावू नका.

गालाचं हाड वर असेल तर दुकानातच मोकळेपणानं हसून बघा. गंभीर चेहऱ्यावर छान बसलेली प्लास्टिकची फ्रेम हसताना गालावर चढते, काचेला पापण्या घासतात आणि संध्याकाळपर्यंत काच तेलकट. उलट, गालाचा भाग सपाट असेल तर डोळ्याला खालून आधार कमी दिसतो आणि डोळे बटबटीत वाटतात.

नाक बसकं असलं की डोळ्यांमधलं अंतर जास्त भासतं आणि चष्मा सारखा घसरतो. काडी आवळून उपयोग नाही, कानामागे दुखतं तेवढं. हलवता येणारे नोजपॅड घ्या. 'गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम' हा नियम आम्हाला फारसा पटत नाही. आधी नाक आणि गाल बघावेत, चेहऱ्याचा आकार मागाहून.

लहान मुलांचं नाक चपटं असतं, आतल्या कोपऱ्यात कातडीची घडी असते, त्यामुळे कधीकधी मूल तिरळं बघतंय असं वाटतं. बऱ्याचदा नाक वर आलं की ते दिसेनासं होतं. पण खरा तिरळेपणा की नुसता भास, हे नेत्रतज्ज्ञांनीच ठरवायचं. आजी म्हणते म्हणून थांबू नका.

वयाबरोबर खोबणीचा काठ झिजतो, आतली चरबी कमी होते, डोळे आत जातात. म्हणून पंचविशीतली फ्रेम साठीत खटकते. हे हळूहळू होतं. मात्र एखादा डोळा अलीकडे पुढे आलेला वाटत असेल तर आमच्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जा. थायरॉईडमुळेही तसं होतं.

येताना जुना चष्मा आणा, मोडका असला तरी. पॅडचे व्रण नाकावर कुठे पडलेत ते बघून आम्हाला बरंच कळतं.